उत्तर दिलं म्हणून दोनशे रुपये दंड

काळेवाडी फाट्यावरून पिंपरीच्या बाजूला येताना विजेच्या खांबांवर, पुलाच्या कठड्यांवर, रिकाम्या भिंतींवर पिवळ्या-लाल रंगाची पत्रकं चिकटवलेली दिसतात. गुप्तरोग, कमजोरी, लग्नाआधी आणि लग्नानंतर, शंभर टक्के गॅरंटी, आणि खाली मोबाइल नंबर. महापालिकेचे लोक ती खरवडून काढतात, दोन दिवसांत पुन्हा लागतात. सरकारी रुग्णालयातल्या माझ्या ओपीडीत येणारे अनेक पुरुष आधी त्या नंबरवर फोन करून, पैसे भरून, पुड्या खाऊन आलेले असतात. केसपेपरवर तक्रार असते थकवा, अंगदुखी, झोप न येणं. बीपी तपासून होतं, साखरेची चिठ्ठी लिहून होते, आणि मग दाराशी पोहोचल्यावर ते परत वळतात आणि खालच्या आवाजात खरी गोष्ट सांगतात.

मध्यंतरी असेच एक गृहस्थ आले. पन्नाशीच्या पुढचे, कारखान्यात प्रेस मशीनवर तिन्ही पाळ्यांत काम केलेले, बारा वर्षांपासून मधुमेह. लिंगाला ताठरता येत नाही म्हणून गोळ्या घेऊन झाल्या होत्या, उपयोग झाला नव्हता. मूत्रविकारतज्ज्ञांनी आता इंजेक्शन सुचवलं होतं आणि ते कुठे टोचायचं हे ऐकून गृहस्थ तिथून जवळजवळ पळूनच आले होते. सुईची भीती त्यांना नव्हती, इन्सुलिन ते रोज स्वतः घेत होते. त्यांचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. साखरेमुळे हे असं होऊ शकतं, हे बारा वर्षांत त्यांना एकाही डॉक्टरने सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

त्या दिवशी घरी जाताना मला र. धों. कर्वे आठवले. ते डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. पण पुरुषांचे नेमके हे प्रश्न मराठीत छापून त्यांना सरळ उत्तरं देण्याचं काम त्यांनी नव्वद वर्षांपूर्वी केलं आणि त्याबद्दल कोर्टात उभे राहिले. मराठी माणसाला त्यांची ओळख बहुधा संततिनियमनाचे पुरस्कर्ते आणि महर्षी कर्व्यांचे चिरंजीव एवढीच असते.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म 14 जानेवारी 1882चा. घराणं कोकणातल्या मुरुडचं. वडील धोंडो केशव अजून महर्षी झालेले नव्हते. 1891मध्ये आई राधाबाई बाळंतपणात गेल्या, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. दोन वर्षांनी वडिलांनी विधवेशी लग्न केलं. त्या आनंदीबाई, घरातल्या बाया. मुरुडच्या ब्रह्मवृंदाने कुटुंबाला वाळीत टाकलं. समाजाच्या मताविरुद्ध वागलं की काय होतं, हे त्या मुलाने दहा-बारा वर्षांच्या वयात घरातच पाहिलं. बाळंतपण म्हणजे जिवावरचा खेळ, हेही त्याआधीच पाहिलं होतं.

अभ्यासात मुलगा असामान्य होता. 1899च्या मॅट्रिक परीक्षेत पहिला आला. फर्ग्युसनमधून 1904मध्ये बी.ए. झाला, पुढे गणित शिकवू लागला. गणिताच्याच उच्च शिक्षणासाठी पहिल्या महायुद्धानंतर तो पॅरिसला जाऊन आला. फ्रान्समध्ये त्यांना गणिताबरोबर आणखीही बरंच वाचायला मिळालं असणार. परत आल्यावर 1921मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं पहिलं केंद्र उघडलं तेही त्याच वर्षी. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. एवढं मोठं काम एका माणसाने, फार तर दोन माणसांनी म्हणू, कारण पत्नी मालतीबाई शेवटपर्यंत बरोबर होत्या, चालवलं. मूल होऊ द्यायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं आणि त्यासाठी रघुनाथरावांनी स्वतःवर नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतली. आजही नसबंदीच्या शिबिरात रांग बायकांचीच असते, म्हणून हा तपशील मुद्दाम सांगितला.

तेव्हा ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात प्राध्यापक होते. मिशनऱ्यांचं कॉलेज. प्राध्यापक महाशय संततिनियमनावर लिहितात, बोलतात, साधनं मिळवून देतात, हे व्यवस्थापनाला मानवणारं नव्हतं. हे काम की नोकरी, अशी वेळ आली आणि कर्व्यांनी नोकरी सोडली. त्यानंतरचं सगळं आयुष्य ओढगस्तीत गेलं.

15 जुलै 1927 रोजी समाजस्वास्थ्य या मासिकाचा पहिला अंक निघाला. संपादक, लेखक, मुद्रितं तपासणारा, हिशेब ठेवणारा, सगळं एकच माणूस. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असे. त्यावरून झालेली बदनामी अजून पुरते. पण आत काय होतं हे वाचलेले लोक कमी. आत गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा, संततिनियमनाची साधनं कोणती, ब्रह्मचर्याचं वैद्यकशास्त्रात खरोखर काही स्थान आहे का, स्त्रीलाही कामसुखाचा पुरुषाइतकाच हक्क आहे, असे विषय होते. आणि वाचकांचे प्रश्न होते.

हे प्रश्न समजून घ्यायचे तर तेव्हाच्या पुरुषाच्या कानावर काय पडत होतं ते पाहायला हवं. एका बाजूला वीर्य म्हणजे शरीराचं सार, त्याचा थेंब गेला की आयुष्य गेलं, ही परंपरेतून आलेली भीती. गांधीजींसारखा सर्वमान्य नेताही संततिनियमनाच्या साधनांना विरोध करून ब्रह्मचर्याचा आग्रह धरत होता. दुसऱ्या बाजूला वर्तमानपत्रांतल्या जाहिराती. धातुपुष्टी, तारुण्य, गेलेली शक्ती परत, अशा गोळ्या आणि टॉनिकांच्या जाहिराती तेव्हाच्या छापील पानांचा मोठा आधार होत्या. आधी घाबरवायचं आणि मग औषध विकायचं, ही रीत तेव्हाचीच.

त्यात इंजेक्शनही होतं, हे आज फारसं कुणाला माहीत नसतं. रघुनाथ सात वर्षांचा असताना, 1889मध्ये, पॅरिसमध्ये शार्ल एदुआर ब्राउन-सेकार नावाच्या बहात्तर वर्षांच्या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने वैज्ञानिकांच्या सभेत सांगितलं की, त्याने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि त्याला पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटलं. जास्त वजन उचलता येतं, जिने धावत चढता येतात, लघवीची धार लांब जाते, असं त्याने मोजून मांडलं. माणूस लबाड नव्हता. मज्जारज्जूच्या इजेचा एक विशिष्ट प्रकार आजही आम्ही त्याच्या नावाने शिकतो. पण पाण्यात काढलेल्या त्या अर्कात संप्रेरक जवळजवळ उतरतच नाही, हे पुढे स्पष्ट झालं. त्याला जे जाणवलं ते मनाच्या अपेक्षेने घडवलेलं होतं. रुग्णाचा अनुभव खरा आणि औषध निकामी, असं होऊ शकतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. पुढे 1920च्या दशकात व्हिएन्नात स्टाइनाख आणि पॅरिसमध्ये माकडाच्या वृषणांचे तुकडे रोपणारा व्होरोनोफ यांनी तारुण्य परत आणण्याच्या शस्त्रक्रियांचं पेव फोडलं. खरं पुरुष संप्रेरक, टेस्टोस्टेरॉन, प्रयोगशाळेत तयार झालं ते 1935मध्ये. ताकदीचं इंजेक्शन ही कल्पना मात्र त्याआधीच लोकांच्या डोक्यात बसली होती आणि ती अजून उतरलेली नाही. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन पुरेसं असताना दंडात त्याची इंजेक्शनं घेऊन आलेले तिशीतले तरुण मी पाहिले आहेत. त्याने ताठरता सुधारत नाही, उलट शुक्रजंतू कमी होतात. मूल हवं म्हणून धडपडणाऱ्याच्या हाती नेमकं उलटं पडतं.

तर अशा काळात समाजस्वास्थ्यकडे पत्रं यायची. लिहिणारे बहुतेक पुरुष, शिकलेले, गावोगावचे. हस्तमैथुनाची सवय होती, आता लग्न ठरलंय, आपण नपुंसक तर झालो नसू? स्वप्नावस्था होते, वजन घटतंय, हा रोग आहे का? अशा धर्तीचे प्रश्न. कर्व्यांची उत्तरं आखूड असत. गणिताच्या मास्तराने उदाहरण सोडवून द्यावं तशी. हस्तमैथुनाने नपुंसकत्व येत नाही, वीर्य साठवून शक्ती साठत नाही, जाहिरातीतल्या औषधांवर पैसे घालवू नका. समोरच्याची पाठ थोपटणं त्यांना जमत नसे. कधी कधी ते फटकळही वाटतात. पण ज्याने तो प्रश्न पाच वर्षं कुणालाही विचारला नव्हता, त्याला छापील अक्षरांत एवढं ठाम उत्तर मिळणं हा केवढा दिलासा असेल, हे ओपीडीत बसणाऱ्या माणसाला कळतं. लैंगिक तक्रारींत भीती हीच अर्धी व्याधी असते. एकदा नीट झालं नाही, की पुढच्या वेळी तो स्वतःलाच तपासायला बसतो आणि त्या ताणाने पुन्हा होत नाही. तरुणांत हे चक्र फार दिसतं आणि ते समजावून सांगण्याने सुटतं.

1931मध्ये पहिला खटला झाला. व्यभिचाराच्या प्रश्नावरच्या लेखावरून पुण्याच्या सनातन्यांनी तक्रार केली. अश्लीलतेच्या कलमाखाली शंभर रुपये दंड झाला, अपील फेटाळलं गेलं. दुसरा खटला 1934चा, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. कारण या वेळी गुन्हा होता तो वाचकांच्या खासगी प्रश्नांना उत्तरं दिल्याचा. प्रश्न हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांसारख्या विषयांवरचे होते. कर्व्यांच्या बाजूने बॅरिस्टर भीमराव आंबेडकर उभे राहिले.

आंबेडकर तेव्हा देशभर माहीत असलेले नेते होते. गोलमेज परिषदा झाल्या होत्या, पुणे करार होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. सनातनी मंडळींशी त्यांचं आधीच जुंपलेलं होतं, त्यात आणखी एक बदनाम प्रकरण अंगावर घेण्याची त्यांना काही गरज नव्हती. तरी त्यांनी ते घेतलं. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा होता की, मासिकच लैंगिक स्वास्थ्याला वाहिलेलं आहे, वाचकाला शंका आहे म्हणून तो विचारतो, आणि ज्ञान देण्याने विकृती वाढत नाही, अज्ञानाने वाढते. या विषयावरच्या पाश्चात्त्य शास्त्रीय ग्रंथांचे दाखलेही त्यांनी दिले. कोर्टाला ते पटलं नाही. दोनशे रुपये दंड झाला. आंबेडकर खटला हरले, पण विषय त्यांनी सोडला नाही. 1938मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे संततिनियमनाच्या बाजूने ठराव मांडला गेला. तोही फेटाळला गेला.

ज्या काळात धातुपुष्टीच्या गोळ्यांची जाहिरात राजरोस छापता येत होती, त्याच काळात त्या गोळ्या घेऊ नका असं सांगणारा माणूस दंड भरत होता. आणि हे सगळं चालू असताना आमचा धंदा, म्हणजे डॉक्टरमंडळी, काय करत होती? थोडे अपवाद सोडले तर गप्प होती. हा विषय शिकवलाही जात नव्हता. मी एमबीबीएसला असतानाही या विषयाची तासिका म्हणजे खिदळण्याची तासिका होती, आणि खिदळणाऱ्यांत मीही होतो.

कर्व्यांचं सगळंच आज स्वीकारावं असं नाही. चांगली प्रजा निपजावी म्हणून कुणी मुलं जन्माला घालावीत आणि कुणी घालू नयेत, हा त्या काळच्या अनेक सुधारकांना भुरळ पाडणारा विचार त्यांच्याही लेखनात आहे. त्याचे भयंकर परिणाम जगाने नंतर पाहिले. स्वभावाने ते तडजोड न जाणणारे होते, मित्रांनाही दुखावत. मासिकाला पैसा नव्हता, वर्गणीदार मोजके. वडिलांना सगळा महाराष्ट्र हात जोडत होता आणि मुलाचं नाव घरात मोठ्याने घेतलं जात नव्हतं. तरी मासिक सव्वीस वर्षं चाललं. 14 ऑक्टोबर 1953 रोजी रघुनाथराव गेले आणि नोव्हेंबरचा अंक शेवटचा ठरला. महर्षींना पाच वर्षांनी भारतरत्न मिळालं. ते 1962पर्यंत होते. त्यांनी मुलाला नऊ वर्षं मागे टाकलं.

कर्व्यांकडे एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे उपचार. ज्याची तक्रार भीतीतून आली आहे त्याला ते बरं करू शकत होते. ज्याच्या रक्तवाहिन्या किंवा नसा मधुमेहाने खराब झाल्या आहेत, त्याच्यासाठी तेव्हा जगात कुणाकडेच काही नव्हतं. हा दोष बहुतेक वेळा मनाचाच, असा समज वैद्यकातही त्यानंतर पंचवीस-तीस वर्षं टिकला. तो मोडला इंजेक्शनने.

1982मध्ये रोनाल्ड विराग या फ्रेंच शल्यविशारदाने लिहिलं की, शस्त्रक्रियेत पापाव्हेरिन हे रक्तवाहिनी सैल करणारं औषध चुकून लिंगाच्या रक्तप्रवाहात गेलं आणि रुग्णाला दोन तास ताठरता राहिली. पुढच्या वर्षी लास व्हेगासच्या परिषदेत ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली हे भाषणाआधी हॉटेलच्या खोलीत स्वतःला असंच एक इंजेक्शन टोचून आले, सैल पँट घालून, आणि परिणाम त्यांनी सभेला प्रत्यक्ष दाखवला. त्या सभेबद्दल मूत्रविकारतज्ज्ञ अजून हसून बोलतात. पण मुद्दा गंभीर होता. मनात कसलीही कामभावना नसताना, भर सभेच्या ताणात, केवळ रक्तवाहिन्या सैल झाल्याने ताठरता येते, म्हणजे हा रक्ताभिसरणाचा प्रश्न आहे, हे त्या दिवशी कुणाला वेगळं पटवावं लागलं नाही. ब्राउन-सेकारनेही स्वतःलाच टोचलं होतं, ब्रिंडलींनीही. फरक एवढाच की, एकाला काय वाटलं ते त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून ऐकावं लागलं, दुसऱ्याचं सगळ्यांना दिसलं.

आता अल्प्रोस्टॅडिल नावाचं औषध मुख्यतः वापरतात. काही ठिकाणी दोन-तीन औषधांचं मिश्रण देतात. गोळ्या आल्या त्या 1998मध्ये, आणि बहुतेकांना आधी गोळीच दिली जाते. इंजेक्शनची वेळ येते ती गोळी लागू पडत नाही तेव्हा, म्हणजे जुना मधुमेह, प्रोस्टेटच्या मोठ्या शस्त्रक्रियेत दुखावलेल्या नसा, मणक्याची इजा, अशांत. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्याला तर ही दुसरी गोळी देताच येत नाही, रक्तदाब जीवघेणा खाली जातो.

सुई इन्सुलिनच्या सुईसारखी बारीक. लिंगाच्या मुळाकडच्या भागात, बाजूने टोचायची, वरच्या किंवा खालच्या अंगाने नाही, आणि दर वेळी बाजू बदलायची. पहिला डोस दवाखान्यातच, डॉक्टरांसमोर, अगदी कमी मात्रेने. पाच ते पंधरा मिनिटांत परिणाम होतो आणि साधारण तासभर टिकतो. टोचल्यावर जागा काही मिनिटं दाबून धरायची, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जास्त वेळ. चोवीस तासांत एकदाच, आठवड्यात तीनपेक्षा जास्त वेळा नाही. चार तासांनंतरही ताठरता उतरली नाही तर लाजत घरी बसायचं नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जायचं. अडकलेलं रक्त काढून उलट परिणामाचं औषध देता येतं, पण उशीर झाला तर आतल्या पेशी कायमच्या मरतात. सिकलसेल असलेल्यांना हे इंजेक्शन चालत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये नंदुरबार, गडचिरोलीकडून कामाला आलेले बरेच लोक आहेत, त्यांनी हे आवर्जून सांगावं, आणि डॉक्टरांनी आवर्जून विचारावं.

ही झाली पुस्तकातली माहिती. ज्यांनी हे इंजेक्शन घेतलं ते वेगळंच सांगतात. पहिली गोष्ट, सुईची भीती पहिल्या वेळेपुरतीच असते. दुखणं कमी, पण औषधाने आत एक ठणका येतो, त्याची कुणी आधी कल्पना दिली नाही तर माणूस घाबरतो. दुसरी, घरातली जागा. औषधाचे काही प्रकार फ्रिजमध्ये ठेवावे लागतात. दोन खोल्यांच्या घरात फ्रिज सगळ्यांचा, दुधाच्या पातेल्याशेजारी ही कुपी. सून विचारते, नातू हात लावतो. काही जण इन्सुलिन म्हणून सांगतात. टोचायचं कुठे, संडासात की न्हाणीत, दिवा पुरेसा आहे का, हाही प्रश्न. तिसरी गोष्ट, बायको. ज्यांनी बायकोला बरोबर आणलं, तिच्यादेखत सगळं समजून घेतलं, त्यांचं बहुधा बरं चालतं. काही ठिकाणी तीच टोचते. ज्यांनी लपवलं, त्यांच्याकडे संशय शिरतो. एक बाई तर मला स्पष्टच म्हणाल्या की, त्यांना या इंजेक्शनची हौस नव्हती, नवरा चार वर्षं पाठ करून झोपत होता त्याचा त्रास होता. आणि चौथी गोष्ट अशी की, काम होत असूनही बरेच जण काही महिन्यांत थांबतात. सगळं घड्याळ लावून केल्यासारखं वाटतं, म्हणतात. थांबायला हरकत नाही. पण थांबल्याचं सांगायला कुणी येत नाही, आणि मग खांबावरचा नंबर पुन्हा जवळचा वाटतो.

त्या नंबराबद्दल एक गंमत. कर्वे गेले त्याच्या पुढच्याच वर्षी, 1954मध्ये, औषधे आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा झाला. नपुंसकत्व बरं करतो, लैंगिक शक्ती वाढवतो, अशी जाहिरात करणं तेव्हापासून गुन्हा आहे. म्हणजे काळेवाडीतलं प्रत्येक पत्रक सत्तर वर्षं बेकायदा आहे. त्या पुड्यांत नेमकं काय असतं ते लिहिलेलं नसतं. कधी त्यात न सांगता तीच आधुनिक गोळी कुटून घातलेली असते, आणि नायट्रेट घेणाऱ्याने ती खाल्ली तर काय होईल ते वर आलंच आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात निकडीचं. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात. चरबीने दोन्ही चोंदत असतील तर बारीक वाहिनी आधी बंद पडते. चाळिशी-पन्नाशीत ही तक्रार नव्याने सुरू झाली तर ती हृदयविकाराची काही वर्षं आधी आलेली सूचना असू शकते. साखर, कोलेस्टेरॉल, बीपी, तंबाखू हे सगळं तेव्हाच तपासायला हवं. रात्रपाळी, मिसरी-तंबाखू, चहावर चहा, यांवर चालणाऱ्या आपल्या पट्ट्यात हे जास्तच. पुडीवाल्याकडे गेलेली दोन वर्षं ही हृदयाची दोन वर्षं असतात.

प्रेस मशीनवरचे ते गृहस्थ तीन आठवड्यांनी परत आले. बरोबर पत्नी होत्या. मूत्रविकार विभागात पहिला डोस झाला होता, मात्रा ठरली होती. ईसीजी आणि बाकीच्या तपासण्याही करून घेतल्या, त्यात कोलेस्टेरॉल बरंच वाढलेलं निघालं, त्याची गोळी सुरू केली. या वेळी ते दाराशी थांबले नाहीत, बसल्या बसल्याच त्यांनी विचारलं की, गावच्या जत्रेला एसटीने सोलापूरकडे जायचंय, आठ-नऊ तासांचा प्रवास, तर ती कुपी बर्फाच्या थर्मासात नेली तर चालेल का. मी खोक्यावरची सूचना त्यांच्यासमोर वाचली. त्यांच्याकडचा प्रकार थंड ठेवायचा होता, पण गोठवायचा नव्हता. म्हणून थेट बर्फात घालू नका, कापडात गुंडाळून ठेवा, असं सांगितलं. थर्मास पत्नीच्या पिशवीत राहील, असं दोघांचं तिथेच ठरलं.